‘नॅव्हिगेशन’ ‘नवगति’तून आलेलं नाही

‘नॅव्हिगेशन हा शब्द संस्कृत नवगतिपासून बनला, आणि नेव्ही नौपासून’ हा मजकूर वर्षानुवर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. परवा आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा आला. संस्कृतवर जीव आहे, म्हणूनच गप्प बसवत नाही.

मुळात ‘नवगति’चा होडीशी संबंध नाही. नव म्हणजे नवा. ‘नौ’मधल्या औचा आव् होतो तो पुढे स्वर आला तर, जसं नौ + इक = नाविक. पुढे ‘ग’ आला की नौ तसाच राहतो, म्हणजे शब्द झालाच तर ‘नौगति’ होईल. ‘एचोऽयवायावः’ हे संस्कृत संधीचं सूत्र शिकलेल्या कुणालाही हे पटेल.

दुसरं, नॅव्हिगेशनमधला ‘ग’ गतीचा नाहीच. लॅटिनमध्ये नाविस म्हणजे जहाज आणि आगेरे म्हणजे हाकणं. दोन्ही मिळून नाविगारे. फ्युमिगेशन (फूमुस म्हणजे धूर) आणि लिटिगेशन (लिस म्हणजे तंटा) हे शब्दही याच साच्यातले. धुराला आणि कोर्टकज्जाला कुठली गती लावायची? आगेरेचा संस्कृत भाऊ आहे ‘अज्’, हाकणे. गतीतल्या ‘गम्’चं नातं इंग्रजी ‘कम’शी आहे.

नेव्ही जुन्या फ्रेंचमधून आला, तोही नाविसवरूनच.

मग नाविस आणि नौ इतके सारखे कसे? संस्कृत द्वितीया नावम्, लॅटिन नावेम. ग्रीक नाउस, ज्यातून नॉशिया (मळमळ) आला. त्याचा मूळ अर्थ चक्क बोट लागणं! ही सख्खी भावंडं आहेत, एकाच पूर्वज भाषेची. भाषाभ्यासक विल्यम जोन्सने १७८६ साली कोलकात्यात या भाषांचं मूळ एक असावं, असं मांडलं ते हेच. भावाला बाप म्हटल्याने संस्कृतचा मान वाढत नाही. ऋग्वेदात भुज्यू नावाच्या माणसाला समुद्रातून सोडवणारी ‘शतारित्रा’, शंभर वल्ह्यांची नाव आहे. तिला अशा आधाराची गरज नाही.

उसना गेलेला शब्द वाटेत खुणा ठेवतो. शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर, फ्रेंच सूक्र, मग शुगर. नवगतिची अशी एक पायरी कुणी दाखवावी.

याच कुळातला, खरोखर समुद्रावरून आलेला शब्द हवा असेल तर कोकणच्या बंदरात ऐका. फारसीत नाव आणि खुदा मिळून नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. तोच आपला नाखवा.