मीटर म्हणतंय साठ

जीप घेतलेल्या माणसाला मोठे टायर घालायची हुक्की येतेच, त्यावर औषध नाही. आमच्या जुन्या डिझेल जीपचे 28 इंची टायर काढून 33 इंची घातले. जीप गल्लीत ऐटीत उभी राहिली आणि पहिल्याच चढाला बसली. एवढं चाक ओढायला इंजिनाचा दम पुरेना. मग निदान पन्हाळ्याला तरी जाता यावं म्हणून क्राऊन-पिनियन, म्हणजे ॲक्सलच्या हौसिंगमधली दातेरी चाकांची जोडी, बदलले. पिनियनच्या 8 दात्यांना क्राऊनचे 39 होते, तिथे 8 ला 43 आले. तेही पुढच्या-मागच्या दोन्ही हौसिंगमध्ये. एकच बदलला तर फोर-व्हील टाकल्यावर पुढच्या-मागच्या चाकांचं जमत नाही आणि त्या भांडणात ट्रान्सफर केस, म्हणजे दोन्हीकडे ताकद वाटून देणारा गियरचा डबा, भरडली जाते.

इथवर सगळे कौतुक करत होते. मग मी म्हणालो, मीटर चुकतंय. तिथून लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले.

मीटरला टायर दिसत नाहीत. त्याची केबल ट्रान्सफर केसमधून निघते. तिथला शाफ्ट जितका फिरला, तितकंच ते सांगणार. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, म्हणून मीटर कमी दाखवतं. नवा क्राऊन-पिनियन शाफ्टला जास्त फिरवतो, म्हणून जास्त दाखवतं. चुकीने चूक कापली जाते, पण पुरती नाही. टायर वाढले 18 टक्क्यांनी, गियर 10 टक्क्यांनी. हिशेबाअंती 7 टक्के माझ्या बोकांडी. मीटर 60 म्हणतं तेव्हा गाडी 64 ला. संयुक्त राष्ट्रांचा वाहनांबाबतचा 39 क्रमांकाचा नियमच आहे की मीटरने थोडं जास्त दाखवलं तर चालेल, कमी दाखवायचं नाही.

संयुक्त राष्ट्रं आमच्या मेस्त्रीपर्यंत पोचलेली नाहीत. "साहेब, चार किलोमीटरनं काय होतंय? चालतंय की!" शेजारचे अण्णा एसटीतून निवृत्त झालेले. त्यांच्या गाडीचा काटा म्हणे कायम झोपलेला. जन्मभर इंजिनाच्या आवाजावर कोल्हापूर-पुणे केलं. घरातून सल्ला आला, "मग साठच्या जागी छप्पनवर चालवा ना." गणित अगदी बरोबर होतं, म्हणून जास्त झोंबलं.

पुरावा हवा म्हणून बायकोला घेऊन हायवेला गेलो. ताशी 60 म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. काटा 60 वर धरायचा आणि दगड ते दगड वेळ मोजायची. पण एक दगड बाभळीआड, एकावर कुणाच्या तरी वाढदिवसाचं पोस्टर, आणि पुढचे रुंदीकरणात गेलेले. जो सापडला तो आमच्या बोलण्यात निघून गेला. शेवटी तिने मोबाईलचं जीपीएस लावलं. 64. "हे घरून निघतानाच का नाही लावलं?" हा प्रश्न परतीच्या वाटेवर किणीपर्यंत पुरला.

उपाय म्हणजे अंगठ्याएवढा नायलॉनचा पिनियन, हा मीटरचा वेगळा. केबलच्या टोकाशी असतो. पिवळट पडलेला, ग्रीसने काळा, दात्यांच्या कडा झिजून गोल. एका दात्याला खडूचा ठिपका लावून मोजले: पंधरा. चौदाचा घातला की केबल 7 टक्के जास्त फिरणार, विषय संपला. पण चौदाचा कुणाकडेच नाही. शेवटी उद्यमनगर गाठलं. तिथे लोखंडाचं काय म्हणाल ते ओतून, कातून देतात, पण माझा नमुना बघून जो तो विचारी, "किती हजार नग?" एक म्हटल्यावर माणूस चहा मागवायचा आणि दुसऱ्या लेथवाल्याचा पत्ता द्यायचा. चहा बराच झाला. अखेर एका म्हाताऱ्या कारागिराने "मलाबी बघायचंय काय होतंय" म्हणत नायलॉनच्या दांड्यातून दाते कापून दिले. पैसे घेईना, जीपमधून एक चक्कर मात्र मारून घेतली.

आता काटा 60 म्हणतो तेव्हा जीपीएसही 60 म्हणतं. पण मीटरमधले किलोमीटरही त्याच केबलवर चालतात, ते आधी कमी पडायचे. त्यामुळे लिटरला 10 दिसणारं ॲव्हरेज आता पावणेअकरा दिसायला लागलं. हे मी मेस्त्रीला सहज सांगितलं, तेवढंच त्याच्या ध्यानात राहिलं. परवा गॅरेजवर गेलो तर एका जीपवाल्याला सांगत होता, "इंजिनाला हात लावायचा न्हाई. मीटरचा पिनियन चौदाचा टाका, ॲव्हरेज वाढतंय. ह्या साहेबांना इचारा." त्या जीपवाल्याची गाडी कंपनीच्या टायरवर, मीटर चोख. मी तोंड उघडणार, तोवर त्याने ॲडव्हान्स दिला होता.