बोललं ते माफ. घेतलं ते?

कुरआनमधल्या सूरह (अध्याय) हश्रची दहावी आयत (वचन) आपल्याकडे मुसलमानांच्या घराघरात दुआ म्हणून पढली जाते. हे रब, आम्हाला माफ कर, आमच्या आधी ईमान आणून गेलेल्या आमच्या भावांना माफ कर, आणि ईमानवाल्यांबद्दल आमच्या मनात किल्मिष राहू देऊ नकोस. मला ही दुआ फार प्रिय आहे. म्हणूनच तिचा जो वापर होताना मी बघते, त्याबद्दल आज लिहायचं आहे.

घरात कुणीतरी कुणाचा तरी हक्क मारतो. जिचा मारला ती (बहुतेक वेळा ‘ती’च असते) तोंड उघडते. मग चार वडीलधारी माणसं जमतात आणि तिला समजावतात, जाऊ दे बाळा, दिल साफ ठेव, माफ करणारे अल्लाहला आवडतात. ज्यानं घेतलं तो बाजूला चहा पीत बसलेला असतो. त्याला कुणी एका शब्दानं विचारत नाही.

ही आयत कुठे येते ते एकदा बघा. हिजरी सन 4, म्हणजे इ.स. 625. बनू नझीर ही टोळी मदिनेतून गेली आणि मागे राहिलेल्या मालमत्तेचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. सातवी आयत त्यावर बोलते. त्यात अनाथांचा, गरजूंचा, वाटसरूंचा हिस्सा सांगितलाय, आणि कारणही दिलंय, की संपत्ती तुमच्यातल्या श्रीमंतांमध्येच फिरत राहू नये. आठवी आयत मक्केतून घरादारावर पाणी सोडून यावं लागलेल्या गरीब मुहाजिरांची. नववी अन्सारांची, म्हणजे त्यांना आसरा देणाऱ्या मदिनेकरांची. स्वतः तंगीत असूनही त्यांनी मुहाजिरांना आपल्याआधी ठेवलं, आणि मुहाजिरांना जे मिळालं त्याबद्दल मनात काही आणलं नाही. आणि मग दहावी, आपली दुआ. म्हणजे मन साफ कर असं मागायला शिकवण्याआधी, कुणाच्या वाट्याला काय जावं हे कुरआननं सांगून ठेवलंय. आम्ही मात्र दहावी तोंडपाठ करतो आणि सातवीकडे वळूनही बघत नाही.

दुआत मागितलंय काय? ‘माफ केलं’ म्हणणं आपल्या हातात असतं. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तोच प्रसंग, तेच शब्द परत येतात, छाती भरून येते, त्यावर आपला जोर चालत नाही. म्हणून ते अल्लाहकडे मागायचं. त्यात कमीपणा नाही आणि घाईही नाही. माणूस दुआ मागतोय म्हणजे मन अजून साफ झालेलं नाही हे त्यानं रबसमोर कबूलच केलंय. अशा माणसाला ‘अजून मनात धरून बसलीयेस?’ असं टोचणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या आयुष्यातला वहशी यांचा प्रसंग बुखारी शरीफ या हदीसच्या (पैगंबरांची वचनं आणि प्रसंग) संग्रहात आहे. उहुदच्या लढाईत वहशींनी पैगंबरांचे लाडके चुलते हमजा (र.) यांना भाल्यानं मारलं. पुढे ते इस्लाम स्वीकारून समोर आले. पैगंबरांनी त्यांचा इस्लाम कबूल केला, बदला घेतला नाही. पण एवढं विचारलं, की तुझा चेहरा माझ्यासमोर न आणणं तुला जमेल का? हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रडले होते. माफीही खरी आणि दुःखही खरं. एका ताटात बसून जेवलात तरच माफी, अशी अट तिथे नव्हती.

दुसरा प्रसंग सूरह नूरमधला. हजरत आयेशा (र.) यांच्यावर बालंट आलं. ते पसरवणाऱ्यांत मिस्तह होते, हजरत अबू बकर (र.) यांचे गरीब नातेवाईक, ज्यांचा खर्च अबू बकरच चालवत. अबू बकर यांनी शपथ घेतली की आता मिस्तहला एक पैसा देणार नाही. तेव्हा बाविसावी आयत आली: माफ करावं, सोडून द्यावं, अल्लाहनं तुम्हाला माफ करावं असं तुम्हाला वाटत नाही का? अबू बकर म्हणाले, वाटतं, आणि खर्च पुन्हा सुरू केला. पण याच सूरहच्या चौथ्या आयतीत खोटं बालंट घेणाऱ्याला 80 फटक्यांची शिक्षा आहे, आणि मिस्तह यांना ती झाली अशी रिवायत (जुन्या कथनकर्त्यांकडून आलेली नोंद) आहे. माफीनं गुन्हा झाकला गेला नाही. आणि माफ करायला सांगितलं गेलं ते ज्याच्या हातात देणं होतं त्याला.

आमच्या घरातलं सांगते. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठचे. आजोबा गेल्यावर माहेर तुटू नये म्हणून अम्मीनं हक्कसोड पत्रावर सही केली. तिला विचारलं कुणी नव्हतं. कागद टाइप होऊनच आला होता, अम्मीच्या नावासमोर पेन्सिलीनं फुली मारलेली. बरीच वर्षं गेली. मोठे मामू हजला निघाले, रीतीप्रमाणे घरोघर ‘कहासुना माफ’ (बोललंचाललं माफ करा) करत आमच्याकडे आले. अम्मीनं त्यांच्या गळ्यात हार घातला, शिरखुर्मा दिला आणि म्हणाली, “भाई, बोललात ते सगळं माफ. घराचा हिस्सा तेवढा राहिलाय.” बैठकीत सगळे गप्प. नंतर नातेवाइकांनी तिलाच धारेवर धरलं, हजला निघालेल्या माणसाला असं बोलतात?

माझं मत आहे, तेव्हाच बोलतात. सूरह निसाची सातवी आयत स्त्रियांचा हिस्सा ‘थोडा असो की जास्त, ठरवून दिलेला’ म्हणते. आणि मुस्लिम शरीफ या दुसऱ्या हदीससंग्रहातली दिवाळखोराची हदीस आपण सगळ्यांनी ऐकलीय. कयामतच्या दिवशी एक जण नमाज, रोजे, जकात सगळं घेऊन येईल, पण कुणाला शिवी दिलेली, कुणाचा माल खाल्लेला. त्याची पुण्यं एकेकाला वाटून टाकली जातील, आणि ती संपली की त्यांचे गुनाह याच्या डोक्यावर. अम्मी मामूंना त्यातूनच वाचवत होती.

हिस्सा अजून मिळालेला नाही. अम्मी दर नमाजनंतर ती दुआ मागते. मामूंची शुगर वाढली की सगळ्यात आधी फोन तिचाच जातो. तिच्या मनात किल्मिष नाही हे मी लेक म्हणून छातीठोकपणे सांगू शकते. आणि हिस्सा माफ केला असं तिनं आजवर एकदाही म्हटलेलं नाही.

शब-ए-बरातला, म्हणजे माफी मागण्याच्या रात्री, ‘जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर माफ करा’ हा मेसेज यंदाही सगळ्या ग्रुपवर फिरेल. ज्यांच्याकडे बहिणीचा हिस्सा अडकलाय त्यांनी तो तिला पाठवू नये. वकिलाला फोन करून वाटणीचे कागद करायला घ्यावेत, आणि सही कुठे करायची हे या वेळी तिला आधी विचारावं.