सेंटॉरो म्हणजे ‘चाकांवरचा रणगाडा’ नव्हे

गेले काही महिने एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. सोबत सेंटॉरो या इटालियन सैन्याच्या आठ चाकी, मोठी तोफ बसवलेल्या चिलखती गाडीचा फोटो. म्हणणं असं: ही गाडी म्हणजे चाकांवरचा रणगाडा. तोफ तीच, वेग दुप्पट, खर्च कमी. इटलीने हे ओळखून रणगाड्यांना रजा दिली. सांगाडा एकच ठेवून वरची तोफ बदलली की हवी ती गाडी तयार होते. मग भारत अजून लोखंडी साखळी-पट्ट्यांवर चालणाऱ्या रणगाड्यांवर पैसा का घालवतोय?

चिलखती गाड्यांबद्दल मी अनेक वर्षं वाचत आलोय आणि सेंटॉरो मला मनापासून आवडते. म्हणूनच तिचं हे चुकीचं कौतुक जास्त खटकतं. एकेक मुद्दा घेतो.

‘इटलीने रणगाड्याऐवजी सेंटॉरो घेतली’

१९८०च्या दशकातला इटलीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सैन्याचा मोठा भाग ईशान्येला, युगोस्लाव्हियाच्या सीमेवरच्या गोरिझिया शहराच्या बाजूला तोंड करून उभा. पाठीमागे समुद्रात लांबवर घुसलेला चिंचोळा देश. शत्रूने दक्षिणेत कुठे जहाजांतून किंवा छत्र्यांनी माणसं उतरवली तर तिथे वेळेत पोचायचं कोणी? रणगाडा एवढं अंतर स्वतःच्या पट्ट्यांवर कापत नाही, त्याला रेल्वे नाहीतर ट्रेलर लागतो. पण इटलीत महामार्गांचं उत्तम जाळं होतं. त्यावरून स्वतःच्या चाकांवर धावत जाईल आणि समोर रणगाडा आला तर तो फोडेल, अशी गाडी हवी होती. सेंटॉरोचा जन्म या गरजेतून झाला. सांगाडा इवेको कंपनीचा, टरेट (तोफेचा फिरता घुमट) आणि तोफ ला स्पेझियाच्या ओटो मेलारा कंपनीची. पहिला नमुना १९८७ साली आला आणि १९९६ पर्यंत ४०० गाड्या सैन्याला मिळाल्या.

तिने जुने एम-४७ रणगाडे हटवले हे खरं, आणि गैरसमजाचं मूळ बहुधा तिथेच आहे. पण त्याच काळात त्याच दोन कंपन्या इटलीसाठी एरिएते नावाचा पूर्ण वजनाचा रणगाडा बनवत होत्या. असे २०० एरिएते १९९५ ते २००२ दरम्यान सैन्यात आले. दोघांची नेम धरण्याची संगणक यंत्रणासुद्धा एकाच कुळातली. २०२४ मध्ये इटलीच्या लिओनार्डो कंपनीने जर्मनीच्या राइनमेटालशी हातमिळवणी केली, तीही इटलीला नवे रणगाडे देण्यासाठीच. रजा दिली असती तर हे कशाला केलं असतं? इटालियन सैनिक रणगाड्याला ‘कार्रो’ म्हणतो आणि सेंटॉरोला ‘ब्लिंदो’, म्हणजे चिलखती गाडी. त्यांच्या मनात घोळ नाही.

‘तोफ तीच, वेग दुप्पट’

यात अर्धं सत्य आहे, म्हणून इथे जरा थांबतो. सेंटॉरोची १०५ मिमीची तोफ नाटोच्या त्या काळच्या रणगाड्यांचेच गोळे डागते. तिच्या नळीचं तोंड जवळून पाहा: मिरपुडीच्या डबीच्या झाकणासारखी बारीक भोकंच भोकं दिसतील. गोळा सुटताना मागचा गॅस त्या भोकांतून बाजूंना फेकला जातो आणि तोफेचा मागचा धक्का कमी होतो. शिवाय नळी नेहमीपेक्षा जास्त मागे सरकू दिली आहे. हलक्या गाडीवर एवढी तोफ बसली ती या कारागिरीमुळे. ५२० हॉर्सपॉवरचं इंजिन, ताशी १०० किलोमीटरच्या वर वेग आणि एका टाकीत ८०० किलोमीटर, हेही सगळं खरं.

पण वजन बघा. सेंटॉरो सुमारे २५ टन, एरिएते ५४ टन. मधला फरक म्हणजे मुख्यतः कवच. सेंटॉरोचं पोलाद समोरून २० मिमीच्या गोळ्या अडवतं. रणगाड्याचा गोळा तिला आरपार भेदतो. १९९३ मध्ये सोमालियात गेलेल्या सेंटॉरोंवर वरून स्फोटक कवचाचे ठोकळे (रॉकेट आदळताच फुटून त्याचा मारा बोथट करणारे) लावावे लागले, कारण तिथे खांद्यावरचे रॉकेट लाँचर गल्लोगल्ली होते. २ जुलैला मोगादिशूच्या ‘पास्ता’ चौकीजवळच्या लढाईत एका सेंटॉरोचा तरुण कमांडर टरेटमधून डोकं बाहेर काढलेल्या अवस्थेत मारला गेला. त्या लढाईत इटलीने तीन सैनिक गमावले.

ताजं उदाहरण फ्रान्सच्या सहा चाकी एएमएक्स-१० आरसीचं. २०२३ च्या सुरुवातीला त्या युक्रेनला मिळाल्या तेव्हा बातम्यांत ‘हलके रणगाडे’ म्हणूनच झळकल्या. उन्हाळ्याच्या चढाईत त्यांचा वापर झाला आणि तिथल्या एका बटालियन कमांडरनेच सांगितलं की कवच पातळ असल्यामुळे या गाड्या आघाडीवरच्या हल्ल्याच्या कामाच्या नाहीत, मागून तोफेचा मारा करायला मात्र चांगल्या. ‘रणगाडा’ या एका शब्दापायी माणसं जातात, हे मला राहून राहून वाटतं.

आणि हा जास्तीचा वेग डांबरी रस्त्यावरचा. पावसाळ्यात काळ्या रानात टायरची गाडी रुतते तेव्हा काय होतं हे आपल्याकडे सांगायला नको. पट्टा वजन पसरवतो, टायर ते चार बोटांच्या जागेत दाबतो.

उलट बाजूचे लोक म्हणतात, एक टायर फुटला की खेळ संपला. तेही चूक. टायर हवा गेली तरी धावतील असे आहेत, हवेचा दाब चालक आतूनच कमीजास्त करतो, आणि इंजिनची ताकद दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या दांड्यांतून चाकांना जाते. एखाद-दुसरं चाक गेलं तरी गाडी घरी येते.

‘फक्त तोफ बदलायची’

ओमानने थोड्या गाड्या १२० मिमीच्या तोफेसह घेतल्या. पण इटलीला स्वतःला १२० मिमी हवी झाली तेव्हा सेंटॉरो-२ ही नवी गाडी उभी करावी लागली: ३० टन, ७२० हॉर्सपॉवर, सुरुंगाविरुद्ध नवा तळ, आणि दारूगोळा माणसांपासून वेगळ्या कप्प्यात. त्याच कुळातली फ्रेचा ही गाडी आठ सैनिक नेते आणि २५ मिमीची तोफ वागवते. ड्राको नावाच्या नमुन्यावर नौदलाची ७६ मिमीची तोफ विमानं पाडायला बसवली होती. (हीच तोफ हरिद्वारला भेलमध्ये बनते आणि माझगाव डॉकने बांधलेल्या कोलकाता वर्गाच्या विनाशिकांवर आहे.) ड्राको आणि १५५ मिमीच्या तोफेची सेंटॉरो, दोन्ही नमुन्यापुरत्याच राहिल्या. म्हणजे नुसती तोफ बदलून हवी ती गाडी तयार होत नाही.

‘भारताने हेच घ्यावं’

लडाखसाठी हलकी तोफगाडी हवी होती तेव्हा आपण झोरावर बनवला: २५ टन, १०५ मिमी तोफ, म्हणजे कागदावर जवळजवळ सेंटॉरोच. पण तो पट्ट्यांवर चालतो, कारण त्या उंचीवर वाळू, दगड आणि नदीपात्रं आहेत, महामार्ग नाहीत. आठ चाकी गाडीही आपल्याकडे आहेच. अहिल्यानगरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने टाटांबरोबर घडवलेली व्हॅप पाण्यातही चालते, आणि २०२५ मध्ये मोरोक्कोत बेर्रेशीदला तिचा कारखाना सुरू झाला. त्या मोरोक्कोच्या सैन्याकडे अमेरिकी एब्रम्स रणगाडे आहेत आणि ते त्यांनी विकायला काढलेले नाहीत.