टाळ्या पडल्या म्हणजे घात झाला

गावात राहून संगीतातले दर्दी म्हणवून घ्यायचं असेल, तर गाणं शिकायची गरज नाही. आवाज नको, तंबोरा नको, पहाटे उठणं तर नकोच. एक वैरी मात्र हवा. तोही असा निवडा की ज्याची बाजू घ्यायला पंचक्रोशीत कुणी उभं राहणार नाही. नाट्यगीताला नावं ठेवली तर रिटायर्ड हेडमास्तर बोलायचे बंद होतात. खंजिरीच्या भजनाला ठेवली तर अख्खं भजन मंडळ ओसरीवर येऊन बसतं आणि चहा आपल्यालाच पाजावा लागतो. वरातीतल्या धुमाल वाजंत्रीला ठेवली तर पुढच्या वरातीत धुमालची गाडी नेमकी आपल्याच दारासमोर अर्धा तास अडते. म्हणून माझा सल्ला आहे, स्मूथ जॅझ धरा.

वर्धा, वाशिम, यवतमाळ, कुठल्याही आडगावात जा. स्मूथ जॅझचा कैवारी सापडायचा नाही. ऐकलेलं मात्र सगळ्यांनी असतं. तालुक्याच्या दातांच्या दवाखान्यात, हायवेवरच्या एसी बारमध्ये, मंगल कार्यालयात बुफेची रांग लागली की, किंवा कस्टमर केअरनं फोनवर लटकवून ठेवलं की मागे जो एक सॅक्सोफोन गोड गोड बोलत असतो, तोच हा. ठेका मऊ, चाल गुणगुणता येईल अशी, मध्ये कुणी अंगावर येईल अशी तान घेत नाही. अमेरिकेत याला लिफ्टमधलं संगीत म्हणून हिणवतात. आपल्या तालुक्यात लिफ्ट एकच, तीही बंद. तेव्हा तुम्ही 'दवाखान्यातलं संगीत' म्हणा. काम भागतं.

आता वैऱ्याची थोडी माहिती ठेवा. फार नको, जास्त माहिती झाली की मत डळमळतं. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसला 'द वेव्ह' नावाचं रेडिओ स्टेशन निघालं आणि मग अशा स्टेशनांचं पीकच आलं. काय वाजवायचं हे ठरवायला श्रोत्यांना खोलीत बसवायचे, हातात फिरवायचं बटण द्यायचे आणि गाण्यांचे तुकडे ऐकवायचे. आवडलं की बटण वर, नाही आवडलं की खाली. हे सांगताना नाक मुरडायला विसरू नका. आपल्या लग्नातला बँडवालाही हेच करतो, फक्त त्याच्याकडे बटण नसतं. नाचणाऱ्यांपैकी किती जण मठ्ठ्याकडे वळले ते तो तिरक्या डोळ्यानं बघतो आणि गाणं बदलतो. पण ही गोष्ट तुम्ही काढू नका.

या प्रांताचा राजा म्हणजे सॅक्सोफोनवाला केनी जी. मूळ नाव केनेथ गोरेलिक, सिएटलचा. १९९२ साली आलेल्या त्याच्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत १ कोटी २० लाख प्रती खपल्या. हा आकडा पाठ करा आणि पुराव्यासारखा वापरा: इतक्या लोकांना आवडलं म्हणजे त्यात संगीत असणं शक्यच नाही. कुणी पुढे विचारलं तर सांगा, अहो, तो विद्यापीठात अकाउंटन्सी शिकलेला माणूस. हिशेबनीस वाजवणार काय?

इथे एक धोका आहे. मैफलीत एखादा मूर्तिजापूरचा म्हातारा हमखास बसलेला असतो. तो हळूच म्हणेल, "आमच्या गावात जल्मले ते वसंतराव देशपांडे. पुन्याले लष्कराच्या हिशेब खात्यात किती वर्सं नोकरी केली त्यायनं!" खरं आहे. वसंतरावांचा जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा, आणि दिवसा हिशेब, रात्री गाणं असं त्यांचं बरीच वर्षं चाललं. शिवाय १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या 'कट्यार काळजात घुसली' मधल्या त्यांच्या खाँसाहेबांना लोकांनी डोक्यावर घेतलं. नाटक लिहिणारे दारव्हेकर मास्तरही नागपूरचे. म्हणजे हिशेबनीसही आला आणि टाळ्याही आल्या. अशा वेळी गांगरायचं नाही. डोळे अर्धे मिटायचे आणि दोन शब्द उच्चारायचे: "ते वेगळं."

हे दोन शब्द जपून ठेवा, पुढे पदोपदी लागतील. कुणी म्हणेल, लुई आर्मस्ट्राँग तर जॅझचा आद्य पुरुष, आणि त्यानं १९६४ मध्ये बासष्टाव्या वर्षी एका नाटकातलं हलकंफुलकं गाणं गाऊन बीटल्सना पहिल्या नंबरावरून खाली उतरवलं, ते काय होतं? ते वेगळं. चार्ली पार्करसारख्या अवघड माणसानं १९४९ मध्ये मागे व्हायोलिनांचा ताफा घेऊन गोड प्रेमगीतं वाजवली, ते? तेही वेगळं. तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकायला रानोरानची माणसं बैलगाड्या जुंपून जात, ते? ते तर अध्यात्म, त्याचा संगीताशी काय संबंध! माणूस मेला की वेगळा होतो, हे सूत्र ध्यानात ठेवलं तर चुकायला होत नाही. केनी जी अजून जिवंत आहे, हाच त्याचा मुख्य दोष.

सगळ्यात महत्त्वाचं, ऐकू नका. ऐकलं की कारण द्यावं लागतं. पॅट मेथिनी हा मोठा जॅझ गिटारवादक याच भानगडीत पडला. २००० साली त्यानं केनी जीवर सणसणीत टीका केली, ती अजून लोक चघळतात. पण बिचाऱ्यानं आधी त्याला नीट ऐकलं होतं. त्यामुळे त्याला मुद्देसूद लिहावं लागलं: सूर चढा लागतो, ठेक्याच्या पुढे पळतो, ठरावीक हरकतींपलीकडे फारसा जात नाही, आणि लांब सूर धरून किंवा भरभर ताना घेऊन गर्दीकडून टाळ्या वसूल करतो. खरा राग तर याचा, की १९९९ मध्ये केनी जीनं आर्मस्ट्राँगच्या जुन्या रेकॉर्डिंगवर आपला सॅक्सोफोन चढवला. आर्मस्ट्राँग १९७१ मध्येच गेलेला, त्याला कोण विचारणार? हा राग मलाही पटतो. दुसऱ्याच्या बांधावर नांगर घालणं ते हेच. पण तुम्ही ही कारणं उसनी घेऊ नका. कारण दिलं की कुणीतरी म्हणतं, "बरं, मग दाखवा कुठं चढा लागला ते," आणि आपल्याला सा कुठं आहे हेच सांगता येत नाही. त्यापेक्षा "त्यात आत्मा नाही" म्हणा. आत्मा तपासायचं यंत्र अजून तालुक्याला आलेलं नाही.

लांब सुराचं मात्र जरा सांभाळून. १९९७ मध्ये केनी जीनं न्यूयॉर्कच्या एका दुकानात एकच सूर ४५ मिनिटं ४७ सेकंद धरला आणि गिनीज बुकात गेला. युक्ती अशी की गालात हवा साठवायची, ती बाहेर ढकलता ढकलता नाकानं नवी घ्यायची. सूर तुटत नाही. याला सर्कस म्हणा. एवढंच बघा की म्हणताना आजूबाजूला सनईवाले नसावेत. सनईच्या ताफ्यात एक माणूस नुसता सूर धरायला असतो. मांडवाच्या कोपऱ्यात बसून, याच युक्तीनं, तो तेवढा एक सूर धरून राहतो. मुख्य सनईवाला विडी ओढून येतो, याचा सूर चालूच. त्याचं नाव लग्नाच्या खर्चाच्या वहीतही वेगळं नसतं, 'वाजंत्री' या एका रकमेत तो येतो. गिनीजवाले काही अजून आपल्या मांडवात आलेले नाहीत, म्हणून आपल्याकडे ती सर्कसही नाही आणि साधनाही नाही.

इथवर परदेशी वैरी झाला. पण नुसता परदेशी वैरी पुरत नाही, गावातही एक लागतो. तो म्हणजे बँड पार्टीचा मास्तर. काळा कोट, सोनेरी झालर, गळ्यात सॅक्सोफोन. अॅडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियन माणसानं १८४६ मध्ये पॅरिसला या वाद्याचं पेटंट घेतलं आणि ते आधी रुळलं फ्रेंच लष्कराच्या बँडमध्ये. म्हणजे उघड्यावर, चालता चालता, गर्दीत वाजवायला; मैफलीत ते नंतर शिरलं. या हिशेबानं आपला मास्तर त्या वाद्याच्या मूळ घराण्याचा ठरतो. असा इतिहास गावात पसरू देऊ नका.

मे महिन्यातली वरात आठवा. पारा ४५ वर. नवरदेव घोड्यावर, मामा लोक जमिनीवर नसलेले. अशा उन्हात फुंकवाद्याचा सूर आपोआप चढतो, कारण आतली हवा तापते. गाडीवरचा कॅसिओ कीबोर्ड मात्र विजेवर चालणारा, त्याची पट्टी तसूभर हलत नाही. मग मास्तर काय करतो? माउथपीस जरा बाहेर ओढतो, ओठ ढिले सोडतो आणि चढलेला सूर कॅसिओच्या सुरात आणून बसवतो. हे चालता चालता. रस्त्यातला खड्डा चुकवत, समोर नाचणाऱ्याची कोपरं चुकवत, आणि कुणी नोट ओवाळली तर ती कोटाच्या खिशात घेत. पावलं जोरात पडू लागली की ठेका वाढवायचा, नवरीची आजी पुढे आली की उतरवायचा. तुमच्या कानाला हे कळलंच, तर चेहऱ्यावर दाखवू नका. 'सिनेमाची गाणी वाजवतो हो नुसती' म्हणून पुढे चला.

एकदा मी स्वतः त्याला समजावायला गेलो. म्हटलं, "मास्तर, तुमच्या वाजवण्यात गांभीर्य नाही."

तो घाम पुसत म्हणाला, "भाऊ, बिदागी तीन घंट्याची ठरली, गांभीर्याचं कोनी बोललंच नाई. तुमाले पायजे असन तं वेगळं ठरवा. आता सरका बापा, नवरदेव खोळंबून रायला."

अशा माणसाशी काय चर्चा करणार?

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तर जाऊच नका. दिवाळीनंतर वडसा, ब्रह्मपुरीकडे रात्र-रात्र नाटकं चालतात, थंडीत शाली पांघरून अख्खी गावं बसतात. तिथला ऑर्गनवाला बघितला तर तुमचं मत बिघडण्याची भीती आहे. नटाची पट्टी काळी दोन, नटीची काळी पाच, आणि पहाटेकडे नटीचा घसा बसला की हा भर गाण्यात तिच्यासाठी पट्टी उतरवतो. प्रेक्षकांना पत्ता लागत नाही. खलनायक आला की एक सूर, आई रडली की दुसरा, मध्येच माइक गेला तर लोक उठू नयेत म्हणून लावणीचा तुकडा. आपल्या दृष्टीनं याला कारागिरी म्हणतात. कला म्हणजे ज्यात लोक उठून गेले तरी चालतं ती.

यावरून आठवलं. केनी जीची एक धून चीनमध्ये वर्षानुवर्षं दुकानं, शाळा, स्टेशनं बंद करायच्या वेळेला लावतात. ती वाजली की लोक पिशव्या उचलतात आणि घरी निघतात. यावर जगभरचे जाणकार हसतात. तुम्हीही हसा. तालुक्याच्या शास्त्रीय संगीत सभेत विलंबित ख्यालाच्या चौथ्या मिनिटाला जे घडतं ते याहून वेगळं असतं, कारण तिथे लोकांना घालवायचा कुणाचा उद्देश नसतो.

त्या सभेला मात्र तुम्ही जायलाच हवं, नाहीतर दर्दीपण टिकणार नाही. पहिल्या रांगेत आयोजक, दुसऱ्या रांगेत आयोजकांचे जावई, तिसऱ्या रांगेत तुम्ही. बडा ख्याल संपेपर्यंत डोळे मिटून ठेवा, झोप लागली तरी भाव तोच दिसतो. पुढे द्रुत येईल. गायक वरच्या षड्जावर जाऊन थांबेल, थांबेल, थांबेल, आणि सगळा मांडव टाळ्यांनी फुटेल. मग तबल्याशी सवाल-जवाब, भरभर ताना, तिहाई, पुन्हा टाळ्या. लांब सूर आणि वेगवान ताना म्हणजे मघाशी मेथिनीनं नावं ठेवली होती तेच की काय, अशी शंका मनात येईल. येऊ द्या. तुमच्याकडे दोन शब्द आहेत.

शेवटचा सल्ला घरच्या कार्याचा. मुलीचं लग्न काढाल तेव्हा बँडची इसार आधीच देऊन ठेवा; लग्नसराईत चांगला मास्तर मिळत नाही, आणि तुम्ही कितीही नावं ठेवली तरी तुम्हाला चांगलाच लागणार. साक्षगंधाच्या वेळी त्याला बाजूला घेऊन सांगा, "आपल्याकडे थोडं गंभीर वाजवा, मालकंस वगैरे." तो "हाव भाऊ" म्हणेल. मग मालकंसावर बांधलेलं एखादं जुनं सिनेमागीत निम्म्या गतीनं वाजवील, मुखडा जरा फिरवून, तुम्हाला ओळखू येऊ नये इतपत. पाहुण्यांच्या देखत तुम्ही डोळे मिटा, मांडीवर बोटं आपटा आणि समेवर मान टाका. सम हुकली तरी काळजी करू नका. तो तुमच्याकडेच बघत असतो. तुमची मान जिथे पडेल तिथे ठेका एक मात्रा मागेपुढे करून तो सम आणून ठेवील.