थँकफुली म्हणजे कुणाची सुटका?

काल रात्री साडेबाराला नळाला पाणी आलं आणि भरलेल्या कळशीसकट मी जिन्याशी आपटलो. गुडघा सोलवटला, लुंगी भिजली, विषय संपला असता. पण समोरच्या कट्ट्यावर आमचे रिटायर्ड इंग्रजीचे सर बनियनवर उभे होते. त्यांनी टॉर्च माझ्या अंगावरून फिरवला, कळशीवर थांबवला आणि म्हणाले, "थँकफुली, पोचा नाही आला."

"सर, थँकफुल कोण? मी का कळशी?"

सर खुललेच. "छान प्रश्न! आता बघा, 'ही फेल थँकफुली' म्हणजे तो पडला, तेही कृतज्ञतेनं. हा जुना अर्थ. तोच शब्द पुढं आणून स्वल्पविराम टाका, 'थँकफुली, ही फेल'. म्हणजे तो पडला आणि बरं वाटलं..."

"कुणाला?"

"बोलणाऱ्याला! पडणाऱ्याचा काही संबंध नाही."

"म्हणजे आपटायचं मी आणि हुश्श करायचं तुम्ही?"

"करेक्ट!" टॉर्च सरळ माझ्या डोळ्यांवर. "जुनी मंडळी या वापरावर नाक मुरडायची. अशाच वापरावरून होपफुलीचं तर केवढं रामायण! असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेनं शेवटी २०१२ साली तिला पदरात घेतलं."

मला कुणी पदरात नको, नुसता हात दिला असता तरी चाललं असतं. वरच्या मजल्यावरचं पोरगं खिडकीतून ओरडलं, "काका, लई लागलं का ओ?" त्याला मार्क किती पडतात ठाऊक नाही, पण प्रश्न त्यानंच बरोबर विचारला.

सोलापुरात राहायचं म्हणजे असंच. उजनी धरण ११७ टीएमसीचं, ते काठोकाठ भरल्याच्या बातम्या आम्ही वाचायच्या आणि इकडं चार-पाच दिवसांनी एकदा, भलत्या वेळी येणाऱ्या पाण्यासाठी जागायचं. बरं, आलेलं पाणी तरी मिळावं! सर स्वल्पविरामात असतानाच माझा नळ फुसफुसून बंद पडला. त्यांच्या गच्चीवरची टाकी मात्र भरून धो धो वाहत होती. थेट लाइनला जोडलेली मोटर अख्खं व्याख्यानभर घरघरत होती. आता या मोटरीला व्याकरणात काय म्हणतात, ते काही सरांनी सांगितलं नाही.

सकाळी बायकोनं त्यांच्याचकडून दोन हंडे पाणी आणायला धाडलं. आमच्याच वाटचं पाणी, आणि वर "थँक यू सर" मीच म्हणून आलो.