सावळ्या रंगाला गडद रंग शोभत नाहीत हे ठरवलं कोणी?

लग्नसराई आली की कोणाला कुठले रंग शोभतात सांगणारा तो मेसेज परत फिरायला लागतो. मनगटाच्या नसा हिरव्या दिसल्या तर तुम्ही वॉर्म, म्हणजे त्वचेला पिवळसर झाक, निळ्या दिसल्या तर कूल, म्हणजे गुलाबी-निळसर झाक. सावळ्यांनी राणी, मोरपंखी, हळदी टाळून फिक्या शेड घ्याव्यात. कलर व्हीलवरचे, म्हणजे रंगांच्या चक्रावरचे, समोरासमोरचे रंग घातले की कॉम्बिनेशन जमलंच. आणि काहीच सुचलं नाही तर काळा, तो सगळ्यांनाच खुलतो. हे वाचून मुली मनात भरलेली साडी परत ठेवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतेच.

आधी नसा. शिरेतलं रक्त गडद लालच असतं, पण आजूबाजूच्या त्वचेपेक्षा तिथून लाल प्रकाश कमी परत येतो म्हणून शीर निळसर-हिरवट भासते. शीर किती खोल आहे, त्वचा किती जाड आहे, ट्यूबलाइटखाली बघताय की उन्हात, यावर ती बदलते, आणि सावळ्या हातावर तर बऱ्याचदा हिरवट दिसते नाहीतर दिसतच नाही. मग आपण सगळ्याच वॉर्म का? त्वचा, केस, डोळे बघून माणसांना स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर अशा गटांत टाकणारी चार ऋतूंची पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेत गाजली, त्यात काळे केस काळे डोळे म्हटलं की सरसकट विंटर, म्हणजे आपल्याकडच्या गव्हाळ, निमगोऱ्या, सावळ्या सगळ्या एकाच खोक्यात.

दुसरा मुद्दा, सावळ्यांनी फिक्या शेड घ्याव्यात हा, मला सगळ्यात जास्त खटकतो. खिडकीपाशी उभं राहा, मेकअप नको, हनुवटीखाली आधी फिका राखाडीसर गुलाबी कपडा धरा आणि मग राणी. कपड्यावरून उजेड उसळून जबड्यावर, गळ्यावर पडतो तो नीट बघा. सावळ्या चेहऱ्याखाली तो राखाडीसर गुलाबी पुष्कळदा चेहरा धुरकट करतो, आणि राणी, डाळिंबी, मोरपंखीने त्याच त्वचेतला तांबूसपणा वर येतो, कारण रंग एकटा कधीच दिसत नाही, शेजारच्या रंगासोबतच दिसतो. पॅरिसच्या गोबलँ या चित्रांचे पडदे विणणाऱ्या कारखान्यात शेव्रल नावाचा केमिस्ट रंगाई खात्याचा प्रमुख होता, काळं सूत फिकं दिसतं अशी तक्रार आली तेव्हा त्याने शोधलं की दोष रंगात नाही, शेजारी विणलेल्या सुतामुळे तसं दिसतंय. १८३९ मध्ये त्याने हे सविस्तर मांडलं. हो, सावळ्यांतही सगळ्यांना सगळं जमत नाही, पण ते धरून बघितल्यावरच कळतं.

समोरासमोरचे रंग जमतात, पण प्रमाणात. हिरव्या साडीला लाल काठ छान दिसतो कारण अंग सगळं हिरवं आणि लाल फक्त काठापदराला. तेच दोन भडक रंग निम्मे-निम्मे घातले, म्हणजे हिरवा कुर्ता आणि लाल सलवार, तर जिथे मिळतात तिथे डोळ्याला टोचतात, चेहऱ्याकडे लक्षच जात नाही.

काळा उजेड गिळतो. डोळ्याखाली काळं असेल तर गळ्याशी आलेल्या काळ्याने ते अजून उठून दिसतं. हौस असेल तर नक्की घाला, फक्त गळा जरा मोठा ठेवा किंवा मोतिया ओढणी वर घ्या.

आणि दुकानातल्या पिवळ्या लाइटखाली काहीच फायनल करू नका. ब्लाउजपीस आणि साडी दोन्ही दाराशी नेऊन उन्हात बघा, आत अगदी मॅच झालेले दोन आमसुली बाहेर आल्यावर एक तपकिरी आणि एक जांभळट निघू शकतात. दुकानदार नाही म्हणत नाहीत, विचारा फक्त.