हिवाळ्यात घर बंद करण्यापूर्वी

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या नाशिकच्या वर्तमानपत्रांत निफाडचा पारा पहिल्या पानावर येऊ लागतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात किती अंशांची नोंद झाली आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या की नाहीत, हे आपण चहाबरोबर वाचतो आणि त्याच आठवड्यात माळ्यावरून स्वेटर व रजया उतरवतो. घराची म्हणून वेगळी तयारी मात्र सहसा कोणी करत नाही. पावसाळ्यापूर्वी गच्ची दुरुस्त करणारी आणि उन्हाळ्यापूर्वी कूलरचे वाळे बदलणारी आपण माणसे हिवाळ्यासाठी एकच गोष्ट करतो, ती म्हणजे दारे-खिडक्या घट्ट लावून घेतो. माझ्या मते आपल्याकडचा हिवाळ्यातला सर्वांत मोठा धोका तिथूनच सुरू होतो.

नागपुरात 29 डिसेंबर 2018 रोजी किमान तापमान 3.5 अंशांपर्यंत उतरले होते. तशा रात्रीदेखील डोक्यावर छप्पर आणि अंगावर दोन पांघरुणे असलेल्या धडधाकट माणसाला घरात निव्वळ थंडीने जिवाची भीती नसते. भीती असते ती ऊब आणि गरम पाणी यांसाठी आपण बंद जागेत जे पेटवतो त्याची, आणि त्यात मी बाथरूममधल्या गॅस गिझरला पहिला क्रमांक देतो.

हिशोब साधा आहे. पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि आठ फूट उंच बाथरूममध्ये सुमारे साडेचार घनमीटर हवा मावते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण आचेवर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो आणि एक किलो एलपीजी नीट जळण्यासाठी जवळपास बारा घनमीटर हवा लागते. म्हणजे पंधरा मिनिटांच्या निवांत आंघोळीत तो तीन घनमीटर हवा वापरतो, आणि आत आपणही श्वास घेत असतो. खिडकी बंद, दाराखालच्या फटीत पायपुसणे सरकवलेले, अशा वेळी हवेतला ऑक्सिजन थोडा उतरला तरी ज्योत अपुरी जळू लागते व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. या वायूला रंग नाही आणि गंधही नाही. ‘गॅस गळला तर वास येईलच की’ असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की सिलिंडरच्या गॅसचा तो उग्र वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. जळून गेलेल्या गॅसला तो उरत नाही. इथे तर गळती झालेलीच नसते, उपकरण अगदी नवे असले तरी हे घडू शकते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे तो हवेत थोडा असला तरी जीव घ्यायला पुरतो.

गिझर बसवायला येणारा माणूस बहुधा ‘वर एक्झॉस्ट फॅन लावा, काही होत नाही’ असे सांगून मोकळा होतो. पंखा हवा बाहेर टाकतो हे खरे, पण तेवढीच हवा आत येण्यासाठी दाराला खालच्या बाजूला जाळी किंवा पट्ट्यांची झडप नसेल, तर तो नुसता फिरत राहतो. त्यातून आपल्या सोसायट्यांत कबुतरांच्या त्रासाने बाथरूमच्या डक्टकडच्या खिडक्यांना ॲक्रेलिकचे पत्रे ठोकून टाकण्याची पद्धत पडली आहे. कबुतरांसाठी जाळी पुरते. पत्रा ठोकला की हवेची शेवटची वाटही बंद होते.

म्हणून गॅस गिझर हवाच असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या ड्राय बाल्कनीत लावावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ न्यावा. ते शक्य नसेल तर विजेचा गिझर घ्यावा. बिल थोडे वाढेल, ते वाढू द्यावे. हा बदल होईपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, खोलीतली हवा खेळू द्यावी आणि मग आंघोळीला जावे. घरात आजी-आजोबा असतील तर बाथरूमची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवून घ्यावी.

लक्षणांविषयी विस्ताराने लिहितो, कारण ती फसवी असतात. डोके दुखते, मळमळते, गरगरते, पायांतले बळ जाते, आणि घरातले म्हणतात, ‘पित्त झाले असेल, उपाशीपोटी कढत पाण्याने आंघोळ केली ना!’ आंघोळीनंतर असे वारंवार होत असेल तर ॲसिडिटीची गोळी घेण्यापूर्वी गिझरकडे पाहावे. कोणी आत कोसळले तर प्रथम दार-खिडक्या उघडून गॅस बंद करावा, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे, लगेच रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना गिझर चालू होता हे आवर्जून सांगावे. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर अनेकांच्या घरी अजून आहे. त्यावर 98 दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण बोटाला लावायचे साधे यंत्र ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइडने अडवलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही.

दुसरा विषय नाजूक आहे. बाळंतिणीला आणि बाळाला शेक-शेगडी देण्याची रीत अनेक घरांत मनापासून पाळली जाते आणि त्यामागच्या मायेबद्दल मला शंका नाही. ज्या घरांत ही रीत रुळली ती घरे मात्र कौलारू होती. कौलांच्या फटींतून आणि धुराड्यातून हवा सतत खेळत असे. आज तीच शेगडी आपण काचेच्या सरकत्या खिडक्या आणि पीओपीचे छत असलेल्या शयनगृहात ठेवतो आणि वारा लागू नये म्हणून पडदेही ओढतो. धूर निघायचा थांबला, निखारे लाल झाले, म्हणजे शेगडी निर्धोक झाली असा समज सर्वत्र आहे, परंतु धूर नसलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. ओव्याची धुरी आणि शेक यांचा आग्रहच असेल तर खिडकी उघडी ठेवून, कोणीतरी जागे असताना तेवढ्यापुरता तो उरकावा आणि झोपण्यापूर्वी शेगडी घराबाहेर न्यावी. अंथरूण उबदार करण्यासाठी गरम पाण्याची पिशवी आधी ठेवून बाळाला निजवताना ती काढून घेतली तरी काम भागते. या बाबतीत सासूबाईंशी वाद घालण्याचे काम सुनेवर टाकू नये. ते मुलाने करावे.

विजेचे म्हणाल तर दोन हजार वॅटचा रूम हीटर जवळपास नऊ अँपिअर प्रवाह खेचतो. भिंतीवरचा लहान सॉकेट सहा अँपिअरचा असतो, त्यामुळे हीटरला मोठा सॉकेट हवा आणि साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर तो लावूच नये. पाण्यात बुडवायचा रॉड लोखंडी बादलीत टाकू नये, आणि पाणी तापले का हे पाहण्यासाठी बटण बंद करून पिन काढल्याशिवाय बोट घालू नये. घरच्या मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह आपोआप तोडणारा स्विच, आहे का, हे वायरमनला विचारावे. असल्यास त्यावरचे ‘टेस्ट’ बटण दाबून तो पडतो का हेही पाहावे. लहान मुलांच्या बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग कढत.

आता आरामाकडे वळू. वास्तूच्या नावाखाली दक्षिणेकडची खिडकी आपण बदनाम केली आहे, पण हिवाळ्यात ऊब देणारी खिडकी तीच. डिसेंबरच्या शेवटी नाशिकला भर दुपारीदेखील सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसेहेचाळीस अंशांवरच असतो, तोही दक्षिणेला, त्यामुळे ऊन छज्जाखालून थेट खोलीत शिरते. मेअखेरीस तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि तोच छज्जा ऊन अडवतो. म्हणून या दिवसांत दुपारी दक्षिणेचे पडदे पूर्ण उघडावेत, खिडकीसमोर ठेवलेले कपाट हलवावे, फरशीवर ऊन पडू द्यावे आणि ऊन कलताच जाड पडदे ओढून सतरंजी अंथरावी. उत्तरेच्या खिडकीच्या फटींना फोमची पट्टी जरूर लावावी. स्वयंपाकघर आणि बाथरूम यांना लावू नये.

एक विषय मी आमच्या सोसायटीच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे, तुम्हीही मांडावा. रात्रपाळीचे वॉचमनदादा थंडीत घमेल्यात लाकडे पेटवतात आणि वारा सुटला की ते घमेले केबिनमध्ये ओढून दार लावून घेतात. त्यांना जाड जॅकेट, कानटोपी, ब्लँकेट आणि रात्री चहासाठी विजेची किटली सोसायटीच्या खर्चाने मिळावी, केबिनच्या खिडकीला वरच्या बाजूला जाळी बसवावी आणि घमेले आत न्यायचे नाही असे त्यांना नीट समजावून सांगावे. ठराव नोव्हेंबरमध्येच करावा लागेल, कारण आमची कमिटी संक्रांतीशिवाय कोणतेही बिल मंजूर करत नाही.